गंमतच तर होती ना!

चिंतनासाठी वचने: स्तोत्र 1, मत्तय 26:69-75, योहान 1:43-51



यंदाच्या नाताळ कार्यक्रमाची पहिली बैठक झाली आणि दहा मिनिटांतच कोणीतरी म्हणाले, "गेल्या वर्षीचेच नाटुकले पुन्हा बसवू या. लोक काय हसले होते!" खोलीतले निम्मे लोक त्या आठवणीने पुन्हा हसले. आम्ही मात्र खाली बघत राहिलो. हा लेख त्या खाली बघण्यातून आला आहे. तो गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

ज्यांनी ते नाटुकले पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. देवासला आमची मिस्सा हिंदीत असते. आम्हा मराठी कुटुंबांचा गट लहानसा. कोणी नगरकडचे, कोणी जालन्याकडचे, कोणी कारखान्यातल्या नोकरीपायी आलेले, कोणी बँक नोट प्रेसमुळे. नाताळच्या संध्याकाळी एक कार्यक्रम आमच्या गटाकडे असतो. गेल्या वर्षी ख्रिस्तजन्माच्या प्रवेशात आम्ही मेंढपाळांच्या जागी 'जंगलातून आलेले' दोन आदिवासी दाखवले. डोक्याला मुंडासे, हातात तीरकमठा, आणि बोलण्यात प्रत्येक 'स'चा 'ह' केलेली हिंदी. गव्हाणीपाशी येऊन एक विचारतो, जेवण कधी मिळणार? दुसरा विचारतो, इथे नाव लिहिले तर रेशन मिळेल का? सभागृह हसून लोळले. पडदा ओढणाराही हसत होता. संवाद लिहिणाऱ्यांत आमच्यातलेच दोघे होते.

तिसऱ्या रांगेत उदयनगरकडचे एक कुटुंब बसले होते. बाप बांधकामावर गवंडीकाम करतो, आई दोन घरी स्वयंपाकाला जाते. त्यांची मोठी मुलगी अकरावीत होती आणि महिन्यातून एका रविवारी मिस्साचे पहिले वाचन तिच्याकडे असे. वाचायची छान, घाई न करता. जानेवारीच्या यादीत तिचे नाव होते. ती आली, शेवटच्या बाकावर बसली आणि वाचायला उठलीच नाही. विचारले तर "गला खराब है" म्हणाली. तो गळा अजून बरा झालेला नाही.

"गंमतच तर होती ना!" हे वाक्य गेल्या वर्षभरात आम्ही इतक्या जणांकडून ऐकले, आणि सुरुवातीला आम्हीही ते इतक्या वेळा म्हटले, की आता त्या वाक्याशीच भांडण काढणे भाग आहे.

आधी एक कबुली. तो विनोद आमचा नव्हताच, तो आमच्यावरचा होता. 1876 ते 1878 च्या मोठ्या दुष्काळात आणि त्यानंतरच्या वर्षांत नगर जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत माणसे ख्रिस्ती झाली. आमच्यातल्या अनेकांचे पणजोबा-खापरपणजोबा त्यांतलेच. तेव्हापासून आमच्या पाठीला एक टोमणा चिकटला आहे: पोटासाठी बाटले. इंग्रजीतही त्याला 'राइस ख्रिश्चन' असे नाव आहे. महारवाड्यातून, मांगवाड्यातून आलेल्या त्या माणसांना अक्षर हवे होते, ताठ मानेने चालायला रस्ता हवा होता, आणि हो, दुष्काळात लेकरांच्या तोंडात घासही हवा होता. प्रभूने तरी भुकेल्यांना आधी हाकलून मग उपदेश कुठे केला? पण इतके सगळे टोमण्यात मावत नाही. ते मावू नये यासाठीच टोमणा असतो. रेशनचा संवाद लिहिताना आम्ही तोच जुना डगला झटकला आणि दुसऱ्याच्या अंगावर चढवला. एका हाताने गालावरचे वळ चोळत होतो आणि दुसऱ्या हाताने शेजाऱ्याला चापट मारत होतो.

आता थोडे शास्त्राकडे वळू. कंटाळू नका, कारण हे शास्त्र आपल्या सभागृहात येऊन बसणार आहे.

थॉमस फोर्ड नावाचे अमेरिकन सामाजिक मानसशास्त्रज्ञ बरीच वर्षे एका प्रश्नाच्या मागे आहेत. एखाद्या समाजगटाला खाली दाखवणारा विनोद ऐकल्यावर ऐकणाऱ्याच्या वागण्यात काय फरक पडतो? 2004 साली त्यांनी मार्क फर्ग्युसन यांच्याबरोबर या प्रश्नावरची आपली मांडणी प्रसिद्ध केली, आणि 2008 साली सहकाऱ्यांसह केलेले दोन प्रयोग पुढे आले. पुरुषांच्या मनात स्त्रियांविषयी किती आकस आहे, हे आधी मोजले होते. मग काहींना बायकांची टवाळी करणारे विनोद दिले, काहींना तोच तुच्छपणा विनोदाशिवाय, साध्या विधानांत दिला, आणि काहींना निरुपद्रवी विनोद दिले. नंतर विचारले: स्त्रियांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला तुम्ही किती देणगी द्याल? ज्यांच्या मनात मुळातच आकस होता, त्यांनी टवाळीचे विनोद ऐकल्यावर हात आखडला. तोच तुच्छपणा सरळ विधानांत ऐकून मात्र तसे झाले नाही. दुसऱ्या प्रयोगात विनोदी प्रसंगांच्या चित्रफिती दाखवल्या आणि मग विद्यार्थी संस्थांच्या निधीत कपात सुचवायला सांगितली. आकस असलेल्यांची कात्री स्त्रियांच्या संस्थेवर जास्त चालली.

म्हणजे विनोदाने कोणाच्या मनात नवा द्वेष पेरला नाही. ज्याच्या मनात आकस नव्हता तो ऐकून तसाच राहिला. पण ज्याच्या मनात आधीपासून काही दडले होते, त्याला विनोदाने परवाना दिला. सरळ विधान ऐकले की माणूस सावध होतो, कारण लोक काय म्हणतील हे त्याला ठाऊक असते. विनोद मात्र आत शिरतानाच सांगतो की इथे काही मनावर घ्यायचे नाही. मग शेजारी हसला, पुढचा हसला, समितीचे लोक हसले, की आत दडलेल्याला कळते: या घरात हे चालते. हशा म्हणजे हात वर करून केलेले मतदानच आहे, आणि त्या संध्याकाळी आम्ही दोन्ही हात वर केले होते.

हे वाचताना आम्हाला घाम फुटला, कारण आमच्याकडे हा प्रयोग होऊन गेला होता. फेब्रुवारीत गरीब-निधीच्या बैठकीत दोन आदिवासी मुलांच्या वसतिगृहाच्या शुल्काचा विषय आला. एका सभासदाने नाटुकल्यातलाच संवाद त्याच सुरात म्हटला, "नाम लिखा तो राशन मिलेगा क्या?" टेबलाभोवती हशा झाला. विषय 'पुढच्या बैठकीत घेऊ' म्हणून पुढे गेला आणि पुढच्या बैठकीत आलाच नाही. तो सभासद दुष्ट नाही. आजारी माणसाला रात्री दोन वाजता इस्पितळात नेणारा माणूस आहे. त्याच्या मनात जे काही होते ते आमच्या नाटुकल्याच्या आधीही होते. आम्ही फक्त त्याला बोलायला जागा करून दिली, आणि त्या जागेत दोन पोरांचे शुल्क अडकले.

कोणी म्हणेल, आपण सगळे एकाच चर्चचे, आपल्यात कुठे 'ते' आणि 'आपण' आहे? हेन्री ताझफेल हे पोलंडमधले ज्यू. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यातून लढताना पकडले गेले, कैदेतून वाचले, आणि परतले तेव्हा घरची जवळजवळ सगळी माणसे नाझींनी संपवलेली होती. पुढे इंग्लंडमध्ये ब्रिस्टॉलला त्यांनी शाळकरी मुलांवर प्रयोग केले. ते 1970 साली प्रसिद्ध झाले. क्ले आणि कँडिन्स्की या दोन चित्रकारांपैकी तुला कोण आवडतो, एवढ्याच नावाखाली मुलांचे दोन गट केले आणि मग एकमेकांना पैसे वाटून द्यायला सांगितले. स्वतःला काही मिळणार नव्हते. आपल्या गटात आणखी कोण आहे, हेही ठाऊक नव्हते. तरी मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले, आणि पुष्कळदा आपल्या गटाचे एकूण पैसे कमी झाले तरी चालतील, पण दुसऱ्या गटापेक्षा जास्त हवेत, असेच वाटप केले. देवासकरांना याचे नवल वाटू नये. या गावात 1948 पर्यंत दोन संस्थाने नांदली, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन्ही पवारांचीच, तुकोजी आणि जिवाजी या सख्ख्या भावांपासून निघालेली. एक गाव, दोन राजे, दोन दरबार. फॉर्स्टर हा इंग्रज लेखक 1921 मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी चिटणीस म्हणून इथे राहिला आणि 1953 साली त्याने आपल्या टेकडीच्याच नावाने पुस्तक काढले. भाऊभाऊ जर गल्ली वाटून घेऊ शकतात, तर एका चर्चच्या बाकांवर दोन पात्या पडायला कितीसा वेळ लागतो? आपल्यात तर लग्न ठरवताना अजूनही हळूच विचारले जाते, 'मूळचे कोण?' त्यावरचे विनोद आम्ही इथे लिहीत नाही. तुम्हाला ते माहीत आहेत.

आता वचनाकडे येऊ. पेत्र प्रमुख याजकाच्या वाड्यात शेकत बसला होता तेव्हा त्याला कशावरून ओळखले? बोलीवरून. गालीलकरांचे उच्चार यरुशलेमवाल्यांना वेगळे लागत. तू त्यांच्यातलाच, तुझे बोलणेच सांगते, असे जवळ उभे असलेले म्हणाले, आणि घाबरलेला पेत्र शपथा वाहू लागला. आपण या उताऱ्यावर दरवर्षी पेत्राच्या भित्रेपणाचे प्रवचन ऐकतो. ज्याने उच्चारावरून बोट दाखवले, त्याच्यावर प्रवचन झालेले आम्हाला आठवत नाही. शास्ते 12 मध्ये तर यार्देनेच्या उतारावर 'शिब्बोलेथ' म्हणायला लावून 'सिब्बोलेथ' म्हणणाऱ्यांना मारले. 'श'चा 'स' झाला म्हणून. आणि आमच्या नाटुकल्यात 'स'चा 'ह' झाला की टाळी पडत होती. आपली 'मेरेको-तेरेको'वाली हिंदी ऐकून इथले लोक गालात हसतात तेव्हा आपल्याला कसे वाटते, हे त्या टाळ्यांत आम्ही सपशेल विसरलो.

याहून जड आठवण दुसरी आहे. प्रभूला वधस्तंभाकडे नेण्याआधी पिलाताच्या शिपायांनीही एक नाटुकलेच बसवले होते. वेशभूषा होती, काट्यांचा मुकुट होता, हातात राजदंड म्हणून बोरू होता, गुडघे टेकून म्हणायचा संवाद होता. प्रेक्षक म्हणून सगळी तुकडी जमवली होती. त्याआधी पहारेकऱ्यांनी त्याचे डोळे बांधून 'ओळख, कोणी मारले' हा खेळही केला होता. खिळे ठोकण्याच्या आधी हसणे झाले. शुभवर्तमानकारांनी हे इतक्या बारकाईने का नोंदवले असेल, याचा विचार आम्ही उपवासकाळातल्या क्रूसाच्या वाटेवर वर्षानुवर्षे केला नव्हता. आता करतो.

आणि मग आपल्या जिल्ह्यातली ती बस. उदयनगर आपल्या देवास जिल्ह्यातलेच. केरळच्या पुल्लुवळी गावी 29 जानेवारी 1954 रोजी जन्मलेल्या, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या सिस्टर राणी मारिया 1992 पासून तिथे होत्या. आदिवासींना त्या बचत शिकवीत, सरकारी योजना मिळवून देत, सावकाराच्या वहीतून सुटण्याचे मार्ग दाखवीत. ज्यांचा धंदा त्या वहीवर चालत होता त्यांना हे खुपले. शनिवार, 25 फेब्रुवारी 1995. सिस्टर उदयनगरहून इंदूरला जाणाऱ्या बसमध्ये बसल्या. त्यांच्या चरित्रात त्या प्रवासाची जी हकिगत आहे, ती आपण सहसा सुऱ्यापासून सांगतो. ती सुऱ्यापासून सुरू होत नाही. आधी त्यांना हिणवणे झाले: केरळहून इथे लोकांना बाटवायला आलीस. मग घाटाच्या जंगलात समंदरसिंहाने बस थांबवली, खाली उतरून खडकावर नारळ फोडला, वर येऊन प्रवाशांना खोबऱ्याचे तुकडे वाटले. सिस्टरांपुढे तुकडा धरला आणि त्यांची चेष्टा म्हणून हात मागे घेतला. आज एवढा आनंद कशाचा, असे त्यांनी विचारले. त्यानंतर सुरा निघाला. बस भरलेली होती. कोणी मधे पडले नाही.

आम्ही नाटुकल्याची आणि खुनाची सांगड घालत नाही. तसे करणे खोटे होईल आणि सिस्टरांच्या रक्ताचा वापर आपल्या भांडणासाठी केल्यासारखे होईल. आमच्या सभागृहात कोणाच्या खिशात सुरा नव्हता. पण खोबऱ्याच्या त्या तुकड्याचा आम्ही पुष्कळ विचार केला आहे. तो पुढे करून मागे घेतला तेव्हा बसमधल्या सगळ्यांना एक गोष्ट कळली: ही बाई आपल्यातली नाही, हिच्याशी असे करता येते. चार लोक तेव्हाच 'अरे, हे काय?' म्हणाले असते, तर पुढे हात उचलण्याआधी थोडा तरी विचार करावा लागला असता. सुऱ्यापुढे उभे राहायला शौर्य लागते आणि ते सगळ्यांकडे नसते. चेष्टेच्या वेळी न हसायला शौर्य लागत नाही. आम्हाला तर तेवढेही जमले नाही.

सिस्टरांचा जन्म झाला त्याच 1954 साली गॉर्डन ऑलपोर्ट यांचे पूर्वग्रहावरचे पुस्तक अमेरिकेत निघाले. त्यात त्यांनी पूर्वग्रहाच्या पाच पायऱ्या सांगितल्या आहेत. आधी पाठीमागे वाईट बोलणे, मग टाळणे, मग हक्क नाकारणे, मग अंगावर जाणे, आणि शेवटी संहार. प्रत्येक जण शेवटपर्यंत जातो असे ते म्हणत नाहीत. बहुतेक लोक पहिल्याच पायरीवर आयुष्य काढतात. पण वर जायला तीच पायरी लागते. ऑलपोर्ट स्वतः चर्चला जाणारे श्रद्धावंत होते, आणि म्हणूनच त्यांचा दुसरा शोध आपल्याला जास्त झोंबावा. 1967 साली मायकेल रॉस यांच्याबरोबर लिहिलेल्या लेखात त्यांनी दाखवले की चर्चला जाणारे लोक, सरासरीने, न जाणाऱ्यांपेक्षा जास्त पूर्वग्रही असतात. त्यातही ज्यांना चर्च हवे असते ते ओळखी, प्रतिष्ठा आणि आधार यांसाठी, त्यांच्यात तो अधिक. ज्यांनी विश्वास आतून जगायला घेतलेला असतो त्यांच्यात कमी. अभ्यास अमेरिकन चर्चसदस्यांवरचा आहे, देवासवर नाही, असे म्हणून सुटायचे असेल तर सुटा. आम्ही मात्र आमच्या गटाच्या नाताळ कार्यक्रमाचा हिशेब डोळ्यांपुढे आणला. किती पैसे मांडवाला, किती जेवणाला, आणि किती वेळ कोण प्रमुख पाहुणा यावर.

आता आक्षेप. पहिला आक्षेप नेहमी हाच येतो: "अहो, तेसुद्धा हसत होते!" खरे आहे. त्या मुलीचा बाप हसत होता, आम्ही पाहिले. दीडशे माणसे वळून त्याच्याकडे बघत असताना त्याने काय करायचे होते? उठून जायचे? मग म्हणाला असतात, बघा, यांना गंमत कळत नाही. आमच्यातले एक काका पुण्याला कारखान्यात होते. तिथे जेवणाच्या सुट्टीत 'पाववाले आले' म्हणून हाक पडायची. ते स्वतःच सगळ्यांत मोठ्याने हसायचे. निवृत्त झाल्यावर एकदा म्हणाले, तीस वर्षे हसून माझा जबडा दुखतो आहे.

दुसरा आक्षेप: मग काय चर्चमध्ये हसायचेच नाही? कोण म्हणतो? मराठीत हसावे कसे हे जिने शिकवले ती बाई आपल्यातलीच. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त पानोपानी हसू आहे. ते हसू स्वतःवर आहे, टिळकांच्या अवलिया संसारावर आहे, आपल्याच सोवळ्याओवळ्याच्या हट्टावर आहे. तो हट्ट सोडताना आपली किती फजिती झाली हे त्या सांगतात, आणि आपण त्यांच्याबरोबर हसता हसता स्वतःचे सोवळे तपासू लागतो. संशोधनही असाच फरक करते. फोर्ड आणि सहकाऱ्यांच्या 2014 च्या अभ्यासात मुसलमानांवरच्या विनोदांनी आकस असलेल्यांचा भेदभाव सैल सुटला, दहशतवाद्यांवरच्या विनोदांनी तसे काही झाले नाही. ज्या गटाला समाजात अजून पुरती जागा मिळालेली नाही, ज्याला वाईट वागवावे की नाही याबद्दल लोकांचे मन डळमळते आहे, त्याच्यावर विनोद केला की तराजू कलतो. फादरांच्या लांबलेल्या प्रवचनावर, कॉयरच्या बेसूर हॅलेलुयावर, आमच्या समितीच्या न संपणाऱ्या बैठकांवर खुशाल नाटुकले लिहा. शेवटच्या विषयावर तर आम्हीच सामग्री पुरवू.

तिसरा आक्षेप: इतके झोंबते तर नियम करा, बंदी घाला. सरदारजींवरच्या विनोदांवर बंदी घालावी म्हणून 2015 साली एक शीख वकीलबाई सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. लोकांनी कसे वागावे याचे नैतिक नियम आम्ही घालून देऊ शकत नाही, असे न्यायालयाने फेब्रुवारी 2017 मध्ये सांगितले. आम्हाला ते पटते. शिपाई उभा करून हसणे थांबत नाही. स्तोत्रसंहितेच्या पहिल्याच ओळींत धन्य माणूस चालतो कुठे, उभा राहतो कुठे आणि बसतो कुठे हे सांगितले आहे, आणि टवाळांबरोबर बसणे हे त्यात शेवटी येते. कोणाजवळ बसायचे हे ज्याचे त्यानेच ठरवायचे असते.

मग करायचे काय? बैठकीत लगेच एकाने सुचवले की आदिवासी कुटुंबांसह एक प्रीतिभोजन ठेवू, सगळे मिटेल. इथे पुन्हा शास्त्र आडवे येते. 1954 च्या उन्हाळ्यात ओक्लाहोमात मुझफ्फर शेरीफ यांनी बावीस मुलांचे एक शिबिर घेतले आणि त्यांचे दोन गट केले. मुलांनी स्वतःला नावे दिली, रॅटलर्स आणि ईगल्स. थोड्याच दिवसांत चिडवणे, नावे ठेवणे, एकमेकांचे झेंडे जाळणे इथवर मजल गेली. मग दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवले, तर मुलांनी एकमेकांवर अन्न फेकले. तुटले ते दुसऱ्या वाटेने: शिबिराचे पाणी बंद पडले तेव्हा सगळ्यांना मिळून नळजोडणी शोधावी लागली, आणि जेवण आणणारा ट्रक अडला तेव्हा दोन्ही गटांनी एकाच दोराने तो ओढला. नुसते पंक्तीला बसवून भागत नाही, एक दोर हातात घ्यावा लागतो. आणि आपल्या प्रीतिभोजनात तर वाढणारे कोण आणि बसणारे कोण, हे आधीच ठरलेले असते.

फिलिपाचे आम्हाला म्हणूनच कौतुक वाटते. नथनेलाने नासरेथच्या नावावर टोमणा मारला. त्या काळी तो सर्रास चालत असावा, आडगावावरचा विनोद म्हणा ना. फिलिप हसला नाही, आणि नथनेलाला चार गोष्टी सुनावतही बसला नाही. येऊन पाहा, म्हणाला. नथनेलाला उठून चालत जावे लागले. आणि प्रभूने त्या टोमणे मारणाऱ्याला बघताच त्याच्यातला सरळपणा पाहिला. आमच्या गटातल्या त्या सभासदासाठी, आणि आमच्यासाठी, आम्ही हाच उतारा धरून प्रार्थना करतो.

सिस्टर राणी मारियांच्या धाकट्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, 2002 साली तुरुंगात जाऊन समंदरसिंहाला राखी बांधली. 2006 साली तो सुटला. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूरला राणी मारियांना धन्यवादित घोषित केले गेले. त्या राखीवर आम्ही टाळ्या वाजवल्या आहेत, भाषणे केली आहेत, भिंतीवर फोटो लावला आहे. आणि त्याच भिंतीखाली उदयनगरच्या माणसांची बोली नाटकात वापरून हशा मिळवला आहे.

आम्ही तीन गोष्टी केल्या, आणि तिन्ही उशिरा केल्या. गेल्या रविवारी संवाद लिहिणारे दोघे त्या कुटुंबाच्या घरी गेले. बापाने चहा दिला, "अरे साहब, मजाक था" म्हणून विषय बदलला. मुलगी बाहेर आली नाही. दोन मुलांच्या शुल्काचा विषय या महिन्याच्या बैठकीत पहिला घेतला आणि मंजूर झाला. मधले सहामाहीचे पैसे त्यांच्या बापाने व्याजाने काढले होते, ते व्याज आमच्या गटाने आपल्यात वाटून घेतले आहे. आणि यंदा मराठी गटाचा वेगळा कार्यक्रम होणार नाही. गोठा आणि मांडव उदयनगरकडच्या कुटुंबांबरोबर मिळून बांधायचा आहे. बांबू कसे बांधायचे हे त्यांना येते, आम्हाला येत नाही. गोठ्याचे काम कोणाच्या सांगण्याप्रमाणे चालावे यावरून पहिल्याच दिवशी कुरबूर झाली, तीही इथे नोंदवून ठेवतो.

वाचनाच्या यादीत तिचे नाव आम्ही काढलेले नाही. दर महिन्याला ते छापले जाते आणि दर महिन्याला दुसरे कोणीतरी उठते. यादी करणाऱ्यांनी तिला त्याबद्दल काही विचारू नये, असे ठरले आहे.

25 फेब्रुवारीला सिस्टरांच्या स्मृतिदिनी उदयनगरला जाण्यासाठी गाडी करायची आहे. बावीस जागा आहेत, अकरा भरल्या. नावे नोंदवायची वही शनिवारच्या संध्याकाळच्या मिस्सानंतर दाराशी असेल. पैसे नंतर दिले तरी चालतील.